शिकणाऱ्याच्या चुका

चुकांनींच मनुष्य शहाणा होतो, हें वचन इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्याचा उत्तरार्ध विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. मनुष्य शहाणा होतो हें खरें. परंतु त्या शहाणपणाची किंमत भरतो कोण? चुकणारा एक आणि किंमत भरणारा दुसरा, असें जेव्हां घडतें तेव्हांहि आपण तें वचन तितक्याच समाधानानें उच्चारावें काय? हा प्रश्न आमच्यापुढें नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचून उभा राहिलेला नाहीं. तो एका मत्स्यपेटीमुळें उभा राहिला. आणि ती पेटी आम्हीं स्वतः घरीं बांधलेली असल्यामुळें, तो दुसऱ्या कोणावर ढकलून मोकळें होण्याची सोयहि आम्हांस राहिली नाहीं.

हकीकत साधी आहे. आमचा भाचा नववींत शिकतो. सुटींत त्यानें मासे पाळण्याचा हट्ट धरला, आणि बाजारांतील तयार पेटी आणण्यापेक्षां ती आपणच बांधावी अशी कल्पना आमच्याच डोक्यांत आली. घरांत लहान मूल असल्यामुळें कांच नको, ॲक्रिलिक घ्यावें असें ठरलें. ॲक्रिलिक हें कांचेच्या निम्म्याहूनहि कमी वजनाचें, सहसा न फुटणारें आणि सुमारें ब्याण्णव टक्के प्रकाश आरपार जाऊं देणारें द्रव्य आहे. त्यावर ओरखडे मात्र फार लवकर पडतात. १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत जर्मनींत ‘प्लेक्सिग्लास’ व इंग्लंडांत ‘पर्स्पेक्स’ या नांवांनीं तें बाजारांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या पारदर्शक छतांसाठीं त्याचा मोठा उपयोग झाला. या छतांची गोष्ट पुढें पुन्हां निघावयाची आहे, म्हणून येथें तिचा उल्लेख केला.

पेटी सांधण्याची रीति आम्हांस दुकानांच्या पाट्या तयार करणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें दाखविली. ती पाहून आम्ही खरोखर विस्मित झालों. सरस लावून दोन फळ्या जोडतात तसें येथें कांहीं नसतें. दोन तक्ते काटकोनांत उभे करावयाचे, त्यांच्यामध्यें केसाएवढी फट राहावी म्हणून बारीक तारा ठेवावयाच्या, आणि पिचकारीच्या सुईनें त्या फटींत पातळ द्रावक सोडावयाचें. तें आपोआप फटभर धांवत जातें. दोन्ही तक्त्यांच्या कडा किंचित् विरघळल्या कीं तारा हलकेच ओढून घ्यावयाच्या. मग वरचा तक्ता आपल्याच भारानें खालीं बसतो, द्रावक उडून जातें, आणि दोन तक्त्यांच्या जागीं जणूं एकच तक्ता उरतो. तिसरें कोणी मध्यें येऊन त्यांस धरून ठेवीत नाहीं. दोघेहि थोडथोडे विरघळतात म्हणूनच जुळतात. मात्र कडा करवतीनें खडबडीत राहिली असेल, किंवा हात घाईनें हलला असेल, तर सांध्यांत बुडबुडे राहतात, आणि पाण्यास तेवढी वाट पुरते. द्रावकाची वाफ घातक असल्यामुळें तें काम मोकळ्या हवेंत व मोठ्या माणसानेंच करावें, हेंहि त्या कारागिरानें बजावलें. निघतांना तो म्हणाला, “पेटी आठ दिवस अंगणांत भरून ठेवा, साहेब, आणि मगच घरांत न्या.” आम्हीं मान डोलविली.

ती मान केवळ सौजन्यानें डोलली होती. पेटी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व चाळीस उंच होती. म्हणजे तींत सुमारें बाहत्तर लिटर पाणी, अर्थात् तितकेच किलोग्रॅम वजन. पैसे वांचविण्यासाठीं आम्हीं पांच मिलिमीटर जाडीचा तक्ता घेतला, आणि दिसण्यांत अडथळा नको म्हणून वरच्या कडेस आधाराची चौकटहि बसविली नाहीं. पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून असतो, हें शाळेंत आम्हीं पाठ केलें होतें. चाळीस सेंटिमीटर खोलीच्या तळाशीं तो दर चौरस सेंटिमीटरास चाळीस ग्रॅम, वर शून्य, म्हणजे सरासरी वीस. या हिशेबानें समोरच्या लांब भिंतीवर एकंदर अठ्ठेचाळीस किलोग्रॅमांचा भार पडतो. उंची दुप्पट केली तर तो दुप्पट न होतां चौपट होतो. हें गणित पांचवींतल्या मुलास जमण्यासारखें आहे. आम्हीं तें केलें. परंतु पेटी फुटल्यावर केलें.

ती फुटली दुसऱ्या रात्रीं. संध्याकाळींच समोरची भिंत बाहेरच्या अंगास फुगल्यासारखी दिसत होती. तें ॲक्रिलिकचें वळण असावें असें म्हणून आम्ही झोंपीं गेलों. मध्यरात्रीनंतर कोपऱ्याचा सांधा उकलला, गॅलरींतून पाणी खालच्या मजल्यावर उतरलें, आणि तेथें राहणाऱ्या तात्यांनीं जपून ठेवलेल्या जुन्या मासिकांच्या बांधीव अंकांचा गठ्ठा त्यांत भिजला. तात्या त्याच वेळीं वर आले. पाऊण तास ते बोलत होते, आणि आम्ही ऐकत होतों. दुसऱ्या दिवशीं आम्ही, भाचा व तात्या अशा तिघांनीं पंख्याखालीं बसून एकेक पान सुटें केलें; सात खंड वांचले, दोन गेले. ते दोन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधून देण्याचें आम्हीं कबूल केलें, आणि एक दिलाहि.

या ठिकाणीं दोन चुका झाल्या, आणि त्यांची किंमत दोन ठिकाणीं भरली गेली. तक्ता फुकट गेला, त्याची किंमत आम्हीं भरली. तो सौदा चोख होता; जो चुकला त्यानेंच दिलें. तात्यांच्या अंकांची किंमत मात्र तात्यांनीं भरली, आणि त्यांनीं आमच्या शिक्षणास कधीं संमति दिलेली नव्हती. तरी येथेंहि नीतीचा व्यवहार अगदींच तुटला नाहीं. त्यांना तोंड होतें. तें त्यांनीं वापरलें. आम्हांस लाज वाटली, क्षमा मागतां आली, भरपाईचा कांहीं भाग देतां आला. जेथें तक्रार करणारा आहे तेथें न्यायास निदान जागा तरी असते. यानंतर जी तिसरी चूक झाली तिच्यांत ती जागाहि नव्हती.

दुसरी पेटी आम्हीं दहा मिलिमीटर जाडीच्या तक्त्याची केली, वर चौकट बसविली, आणि यावेळीं ती खरोखर आठ दिवस अंगणांत भरून ठेवली. एक थेंब गळला नाहीं. मग ती घरांत आणून, ताजें पाणी भरून, त्याच संध्याकाळीं आम्हीं तींत चार गोल्डफिश सोडले. पाणी स्फटिकासारखें होतें. पेटीची भिंत पाण्याहून निराळी दिसूं नये इतकी स्वच्छ होती. घरीं आलेल्या प्रत्येकानें कौतुक केलें. चौथ्या दिवशीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं मिटूं लागले. त्यांना भूक लागली असावी असें समजून आम्हीं जास्त खाणें टाकलें. सहाव्या दिवशीं एक मेला. दहाव्या दिवसापर्यंत तीन मेले.

ते कशानें मेले, हें समजण्यास अर्ध्या तासाचें वाचन पुरलें. मासा आपल्या कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकीत असतो, आणि अमोनिया त्यास विष आहे. तळ्यांत व नदींत एका जातीचे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात, आणि दुसरे त्या नायट्राइटचें त्यामानानें पुष्कळच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. नव्या पेटींत हे जंतु नसतात. त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पाणी कितीहि निर्मळ दिसलें तरी तें राहण्यायोग्य झालेलें नसतें. आम्हीं ज्या निर्मळपणाचें कौतुक करीत होतों तेंच आमच्या अज्ञानाचें लक्षण होतें. आणि जास्तीचें खाणें टाकून तर आम्हीं दयेच्या पोटीं विषांत भरच घातली होती.

या तीन माशांच्या मृत्यूबद्दल एवढा विचार करावा काय, असें कोणी म्हणेल. मासे ते मासे; कोंकणांत आणि गोमंतकांत रोज टोपल्यांनीं विकले जातात. मासे खाणाऱ्यांशीं वाद घालण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु खाण्यासाठीं मासा मारणारा आपण काय करतों हें जाणत असतो. आम्ही मात्र पालक म्हणवून घेऊन मारीत होतों, आणि तें जाणत नव्हतों. माशांस दुःख होतें किंवा नाहीं याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. तथापि २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची संवेदना ग्रहण करणारे मज्जातंतु असल्याचें दाखविल्यापासून, “त्यांस कांहीं कळत नाहीं” हें वाक्य पूर्वीइतक्या सहजतेनें उच्चारतां येत नाहीं. आणि त्यांस कांहीं कळत नसलें तरी, आमच्या वर्तनाचा दोष त्यामुळें कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें रक्षण करूं म्हणून आपण त्यास घरीं आणलें, त्याच्या गरजेची चौकशीहि केली नाहीं, हा दोष त्याच्या मज्जातंतूंच्या संख्येवर अवलंबून नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वच ज्ञान कोणाच्या तरी चुकीवर उभारलेलें असतें. चुकूंच नये म्हणाल तर कोणी कांहीं शिकणार नाहीं. या आक्षेपाचें उत्तर देण्यासाठीं आम्ही पुन्हां त्या विमानांच्या छतांकडे वळतों. युद्धांत जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत छताच्या ॲक्रिलिकचे बारीक तुकडे जाऊन बसत. परंतु डोळा ते निमूटपणें सहन करी, असें हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानांत आलें. त्यावरून मोतीबिंदु काढल्यावर त्या जागीं त्याच द्रव्याचें भिंग बसविण्याची कल्पना त्यांस सुचली, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं ती शस्त्रक्रिया आरंभिली. भिंग डोळ्यानें मानलें. परंतु त्याच्या शक्तीचा हिशेब चुकला होता, आणि त्या पहिल्या रोगी बाईस अतिशय ऱ्हस्वदृष्टि आली. आज जगांत असंख्य म्हातारीं माणसें मोतीबिंदु काढून, आंत भिंग बसवून, पुन्हां नातवंडांचीं तोंडें पाहतात. आपल्याकडे मदुराई येथील ऑरोलॅब संस्थेनें १९९२ पासून तीं भिंगें स्वस्तांत तयार करून गरिबांच्याहि आटोक्यांत आणलीं. या सर्व दृष्टिलाभाच्या मुळाशीं त्या वैमानिकांच्या जखमा आहेत, आणि त्या बाईच्या डोळ्यांतील हिशेबाची चूकहि आहे.

मग रिडली यांची चूक आणि आमची चूक सारखीच काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि दोहोंतील फरक हाच या लेखाचा गाभा आहे. रिडली जेथें चुकले तेथें त्यांच्यापूर्वीं कोणी गेलेलें नव्हतें. विचारावें असा जाणता जगांत कोठेंच नव्हता. तें मानवजातीचें अज्ञान होतें. आमचें अज्ञान तसें नव्हतें. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें दोन गोल्डफिश व पाणवनस्पति एका भांड्यांत ठेवून केलेले प्रयोग १८५० सालीं प्रसिद्ध केले होते, आणि कुजलेल्या पानांनीं पाणी बिघडूं लागल्यावर त्यांत गोगलगाई सोडून त्यानें तोल कसा साधला, हें लिहून ठेवलें होतें. अमोनियाचें रूपांतर करणारे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास वेगळे काढले होते. म्हणजे आम्हांस जें माहीत नव्हतें तें जगास शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत होतें. तें केवळ आमच्या घरांत आलें नव्हतें, आणि तें आणण्यास अर्धा तास पुरला असता. एक अज्ञान वाट नसल्याचें असतें; दुसरें अज्ञान वाट न विचारल्याचें असतें. पहिल्याची किंमत दुसऱ्यानें भरली तर तें दुःखद आहे, आणि भरणाऱ्याचें ऋण मानलें पाहिजे. दुसऱ्याची किंमत दुसऱ्यानें भरली तर तो अन्याय आहे. आपण मात्र दोहोंसही “अनुभव” हें एकच भारदस्त नांव देतों, आणि आळसाचें पाप शोधाच्या पुण्यांत मिसळून टाकतों.

यावर तिसरा पक्ष म्हणेल कीं, मग मासे पाळूंच नयेत, म्हणजे प्रश्नच मिटला. तसें केल्यास निदान हा एक प्रश्न मिटतो, हें आम्ही मान्य करतों. तथापि पाळणें हें केवळ हौसेचेंच असतें असें नाहीं. जान व्हिलप्र-पावर या फ्रेंच विदुषीनें सिसिलींतील मेसिना येथें १८३२ सालीं कांचेच्या पेट्या करून त्यांत आर्गोनॉट नांवाचे समुद्रप्राणी ठेवले, म्हणूनच तो प्राणी आपलें कवच स्वतः तयार करतो, दुसऱ्याचें बळकावीत नाहीं, हें सिद्ध झालें. त्या प्राण्यावरील चोरीचा आळ एका पेटीनें धुऊन काढला. उलटपक्षीं, इंग्लंडांत फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनीं १८५४ नंतर घरोघर समुद्रप्राणी ठेवण्याची लाट उसळली. हौशी लोकांनीं खडकांतलीं तळीं ओरबाडून काढलीं, आणि त्या उजाड किनाऱ्याबद्दल त्यांच्याच मुलानें १९०७ सालीं खेदानें लिहिलें. तेव्हां पेटी स्वतः पुण्यकारकहि नाहीं व पापकारकहि नाहीं. ती बांधणारा कोणत्या वृत्तीनें बांधतो, यावर सारें आहे.

ती वृत्ति कशी असावी याचा धडा आपल्या परंपरेंत फार प्राचीन आहे. शतपथ ब्राह्मणांतील मनूच्या हातीं हात धुतांना एक लहानसा मासा आला, आणि त्यानें रक्षण मागितलें. मनूनें त्यास घागरींत ठेवलें. घागर अपुरी पडली तेव्हां खड्डा खणून त्यांत ठेवलें. खड्डाहि पुरेना तेव्हां समुद्रांत नेऊन सोडलें. पुढें महापुराच्या वेळीं त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. आम्हांस तींतील पूर्वार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. मनूनें माशास “माझ्या घागरीएवढाच राहा” असें म्हटलें नाहीं. मासा वाढला तसें त्यानें भांडें वाढविलें. ज्याला पाळावयाचें त्याच्या मापानें आपण बदलावयाचें, आपल्या सोयीच्या मापानें त्याला कापावयाचें नाहीं, हें पालकत्वाचें सर्व शास्त्र त्या दोन पात्रांत आलेलें आहे.

आणि पालकत्वाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही चर्चा माशांपुरती राहत नाहीं. कोणत्याहि घरांतील थोरलें अपत्य पाहा. आईबापांनीं शिस्त किती लावावी, लाड किती करावे, शाळा कोणती निवडावी, रागावल्यावर कोठें थांबावें, हें सारें त्यांनीं त्याच्यावरच शिकलेलें असतें. धाकट्यांच्या वांट्यास तें शहाणपण आयतें येतें. थोरल्यानें भरलेली फी धाकट्यांच्या उपयोगीं पडते, आणि पुष्कळ घरांत ती कधीं कोणी मोजलेलीहि नसते. नवा शिक्षक पहिल्या वर्गावर शिकतो, नवा वैद्य पहिल्या रोग्यांवर शिकतो. हें टळणारें नाहीं. तेव्हां न टळणाऱ्या या गोष्टींत मनुष्यानें निदान काय करावें?

आमच्या अल्प अनुभवास तीन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, ज्या चुका निर्जीव वस्तूवर करून घेतां येतील त्या आधीं तेथेंच करून संपवाव्यात. पेटी अंगणांत भरावी ती याचसाठीं. दुसरी ही कीं, जेथें दुसऱ्या जिवाचा संबंध येतो तेथें, तो बोलूं शकत असेल तर त्याला विचारावें, आणि बोलूं शकत नसेल तर त्याच्या वतीनें जाणत्यांना विचारावें. मुक्याच्या मौनास संमति समजूं नये. तिसरी ही कीं, इतकें करूनहि चूक झालीच तर तिला अनुभव म्हणण्यापूर्वीं तिला ऋण म्हणावें. अनुभव आपल्या खात्यावर जमा होतो. ऋण फेडावें लागतें.

आमच्यापुरतें तें ऋण चौथ्या माशाच्या रूपानें शिल्लक राहिलें. रोज थोडें पाणी बदलीत, खाणें तोडीत, आम्हीं त्याला वांचविलें. तो आतां चांगला वाढला असून पेटी त्यास अपुरी पडूं लागली आहे. मनूप्रमाणें त्यास वाहत्या पाण्यांत सोडून देण्याची आम्हांस मुभा नाहीं. तो परदेशी जातीचा आहे, आणि तो नदींत गेल्यास तेथल्या देशी माशांस त्रास होण्याचा संभव आहे. एका चुकीचें परिमार्जन दुसऱ्या चुकीनें होत नसतें. तेव्हां भांडें वाढविणें एवढाच मार्ग उरला.

यासाठीं भाच्यानें यंदाच्या सुटींत तिसरी पेटी बांधली. यावेळीं आकडेमोड आधीं झाली. ती लांबीरुंदीनें पहिल्याहून मोठी आहे. उंची मात्र त्यानें वाढूं दिली नाहीं. गेले दहा दिवस ती अंगणांत पाण्यानें भरून उभी आहे. परवां तात्या फिरून येतांना तिच्यापुढें थांबले आणि म्हणाले, “अरे, मासा केव्हां सोडणार यांत?” भाचा म्हणाला, “अजून चार दिवस पाहतों, तात्या. मग घरांत नेऊन जुन्या पेटींतली वाळू न् गाळणी हिच्यांत घालीन, पाणी तपासून घेईन, आणि तें ठीक निघालें कीं सोडीन.” तात्यांनीं वांकून चारीहि कोपऱ्यांचे सांधे बोटानें चांचपून पाहिले, बोट कोरडें निघालें याची खात्री करून घेतली, आणि मग ते जिना चढूं लागले.